वरमाईचे पाय आणि बोकडाची चरबी

टाचेला फोडणी द्यायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायला काय जात होतं? पण नाही! पुण्याची माझी नणंद मोबाईलवर व्हिडिओ धाडून मोकळी. "वहिनी, बोकडाची चरबी कढवून लावा, टाचा लोण्यासारख्या होतात!" आमच्या महेशचं लग्न तोंडावर आलेलं. लग्नात मुलीची आई वरमाईचे पाय धुते, तेही चारचौघांत, फोटोवाल्यासमोर! आणि माझ्या टाचांच्या भेगा अशा, की त्यात रुपया पडला तर परत मिळायचा नाही.

त्यात सूनबाईच्या माहेरचे अक्कलकोटकडचे, कडक शाकाहारी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पोरांचं आपसातच जमलेलं. वर्षभर नाकदुऱ्या काढल्यावर विहीणबाई तयार झाल्या, त्याही एका अटीवर. "लग्नाच्या हॉलात मटणाचा वाससुद्धा यायला नको. आला, तर मी लेकीला घेऊन घरी जाणार!" मी देवाशपथ शब्द दिला.

ह्यांनी खाटकाकडून चरबी आणली. कढईत टाकली, तर हा उग्र वास! व्हिडिओतली बाई म्हणते, "वास मारायला आवडीचा सुगंधी पाला टाका." आता तुम्हीच सांगा, मटणाचा वास मारायला आपल्याकडं काय टाकतात? मी टाकलं! तमालपत्र, आलं-लसूण, दोन-चार लवंगा. वर चमचाभर हळद (कातडीला चांगली असती की!).

हे कढईत डोकावून म्हणाले, "अगं, हे लावायचंय का ओरपायचंय?"

"तुमी गप बसा! लई अक्कल हाय तुमाला!"

लग्नादिवशी पहाटे पायांना भरपूर थापली. थंडीनं ती टाचेवर गोठून बसली आणि वासही दबला. पण दुपारी हॉलात दिवे, गर्दी, होमाची धग! चरबी वितळायला लागली. मुलीच्या मावशीनं नाक वर केलं.

"अय्यो शिवने! हितं मटण शिजतंय की!"

अख्खा हॉल हुंगायला लागला. महेशचं तोंड एवढंएवढंसं झालं, विहीणबाई ताडकन उठल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिलेल्या शब्दाची काही किंमत? मी साडी खोचून थेट आचाऱ्यावर चाल करून गेले.

"शुद्ध शाकाहारी कार्यात मटण? लाज न्हाय वाटत?"

आचारी माझ्यावर चढला. "ओ वैनी! ही बघा वांगी! ही शेंगाभाजी! गळ्यात माळ हाय माझ्या! आजवर कुणी असा आळ घेतला न्हाय!"

"मग वास कुठनं येतोय?"

"मला काय ठावं? मघाशी येत नव्हता, तुमी आल्यावर यायला लागला!"

(इथं तरी मला उमजायला हवं होतं. पण माणूस चिडला की नाक बंद आणि तोंड चालू!) मी आणखी भांडले, आणखी घामेजले, वास आणखी दरवळला. आचारी पातेली उचलून निघालाच होता. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "आधी पाय धुवून घेऊ. मानाचं काम खोळंबायला नको. मग लेकीचं बघते."

मी पाटावर बसले. थंडीचे दिवस, म्हणून बिचारीनं प्रेमानं गरम पाणी घेतलं. पायांवर तांब्या ओतला आणि परातीत तर्री आली! पिवळीधम्मक, चकचकीत तर्री. वर लसणाची एक पाकळी तरंगत होती.

आचारी परातीत वाकून म्हणाला, "वैनी, एवढी तर्री तर मला बी जमत न्हाय."

कुणी हसेना. महेशनं डोळे मिटून घेतले. "विहीणबाई," मी हात जोडले, "खाल्लं न्हाय हो, लावलंय! भेगांना! तुमच्यासमोर टाचा बऱ्या दिसाव्यात म्हणून!"

विहीणबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. खांदे गदगदा हलत होते, बाई हसत होती! हसू आवरल्यावर म्हणाल्या, "लग्न होणार. पण मान पुरा केल्याशिवाय सोडणार न्हाय." आणि आचाऱ्याला हाक मारली, "काथ्या आणि भांड्याची पावडर आणा!"

टाचा माझ्या आता लोण्यासारख्या आहेत. नणंद सगळ्यांना सांगत सुटलीय, चरबीचा गुण म्हणून! कुठली चरबी? सबंध सोलापुरात पातेल्यासारखी खरवडून मान मिळालेली वरमाय मी एकटीच असेन, आणि त्याचाही फोटो फोटोवाल्यानं अल्बमच्या पहिल्याच पानावर लावलाय!