चाचांच्या तोंडावरचा उजेड

खरं तर हे किस्से मी लिहू नयेत. निम्मे विसरलो, उरलेल्यांत काय घडलं आणि काय मी सांगता सांगता वाढवलं, याचीही खात्री नाही. पण निजामाच्या राजवटीतल्या औरंगाबादेत सिनेमा-कॅमेरा होता काझीसाहेबांकडे, आणि त्यांच्या मागं दिवे नि आरसे घेऊन मी! किस्से साचणारच.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. काझीसाहेबांचा फोटो-स्टुडिओ होता. ते म्हणत, "चेहरा मेरा काम, उजाला तुम्हारा."

*

एका हवेलीच्या अंगणात शूटिंग होतं. नुकताच सडा टाकलेला. ओल्या फरशीवर विजेची तार किती धोक्याची, यावर मी घरच्या मंडळींना चांगलं पंधरा मिनिटं समजावलं. मग दिवा उचलायला वाकलो.

काझीसाहेब ओरडले, "प्रोफेसर! पहले चप्पल पैनो, भाषण बाद में!"

मी अनवाणी होतो.

*

पाचोडच्या पाटलांना ओसरीत बसवलं. ऊन एका बाजूनं येत होतं, त्यामुळं दुसरा गाल काळोखात. मी म्हटलं, "पाटील, यानं चेहऱ्याला उठाव येतो."

"उठाव ऱ्हाऊ द्या. अर्धाच पाटील दिसला तर गाव अर्धंच ऐकंल!"

शेवटी अंधाऱ्या बाजूला पांढरं धोतर ताणून धरलं. त्यावरून उजेड परतला, गाल उजळला. पाटील खूश. तेवढ्यात त्यांची नजर धोतरावर गेली.

"आरं, हे तर माझं वाळत घातलेलं हाय! नीट धरा, फाटंल!"

*

शहरातल्या एका शाळेत दिवा फार तापला. मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि बटण बंद करायला वळलो. तेवढ्यात हेडमास्तरांनी मदत म्हणून त्यावर ओला रुमाल टाकला.

फट्ट! काचा सगळीकडं. कुणाला खरचटलंही नाही, नशीब! मी वाकून काचा वेचू लागलो.

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "बघा, झाला की नाही थंड?"

*

आता रहीमचाचांचा. हा किस्सा मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितला नाही.

चाचा मागावर हिमरूचं नक्षीदार कापड विणत. त्यांच्या अंधाऱ्या खोलीत वीज नव्हती. म्हणून मी गल्लीत मोठा आरसा धरून ऊन आत सोडलं. ते समोरच्या पांढऱ्या चादरीवर पडून मऊ होऊन मागावर यायचं, असा बेत. काझीसाहेबांनी कॅमेरा सुरू केला आणि माझा घामेजलेला हात घसरला. आरशातलं ऊन चादर सोडून थेट चाचांच्या तोंडावर!

मी आरसा हलवायला लागलो, तर आतून काझीसाहेब ओरडले, "हिलो नक्को! क्या उजाला है!"

मी हललो नाही. हे कबूल करायला हवं. डोळ्यांत थेट ऊन गेलं तर काय होतं, हे मी स्वतःच वर्गात शिकवत होतो.

रीळ संपलं. चाचा उठले आणि भिंत चाचपत माठाकडं गेले. म्हणाले, "मास्टरसाब, सूरज घर में लाए और हमको अंधेरे में छोड़ दिया!"

सगळे हसले. मी आरसा कापडात गुंडाळला आणि निघालो. डोळ्यांना काही झालं का, हे विचारायचं धैर्य झालं नाही. त्यानंतर कॉलेजला जाताना मी ती गल्ली टाळून लांबून जाऊ लागलो. पुढं राज्य गेलं, काझीसाहेब रिळं घेऊन हैदराबादला गेले, चाचाही वारले. मला रात्री भिंत चाचपणारा तो हात तेवढा दिसे.

कित्येक वर्षांनी काझीसाहेबांच्या मुलीनं हैदराबादेत मला ते रीळ दाखवलं. मी तीनदा लावायला सांगितलं. ऊन तोंडावर येताच चाचा डोळे मिटतात. रीळ संपेपर्यंत उघडत नाहीत. आणि मागावर इकडून तिकडं धावणारा धोटा एकदाही थांबत नाही.