गाडीच्या पाण्यातलं तेल

परमेश्वर मिस्तरीचं दुकान म्हणजे चौसाळ्याच्या हमरस्त्याकडेला चार पत्रे आणि एक बाभूळ. त्या पत्र्याखाली बसून त्यानं जगाच्या गाड्या वाटेला लावल्या, पण स्वतः तिथून कधी हलला नाही. ह्या खेपेला मात्र हलणार होता. चाकणच्या एका मोठ्या वर्कशॉपात त्याला नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाही झालास तर दुसरा माणूस तयार आहे, असं तिथल्या साहेबानं फोनवर अगदी गोडीनं सांगून ठेवलं होतं. बायको शिवकन्या लेकीला घेऊन आधीच चाकणला आपल्या भावाकडं जाऊन राहिली होती. लेकीचं, करिष्माचं, नाव शाळेत घालून झालं होतं. परमेश्वरची बॅगसुद्धा भरलेली होती. आणि नेमकी तेव्हाच अर्जुनरावांची गाडी उकळत उकळत दुकानात आली.

अर्जुनराव हे गावातलं बडं प्रस्थ. जमीन त्यांची, शब्दही त्यांचाच चालायचा. परमेश्वरचं घर उभं होतं तेही त्यांच्याच रानाच्या कडेला. बाप म्हाळू मेंढरं घेऊन हिंडायचा तेव्हा अर्जुनरावांच्या वडलांनी ‘रहा इथं’ म्हटलं आणि तो राहिला. कागद ना पत्र. म्हाळू गेला, मेंढरांचा कळप गेला, चार-दोन मेंढरं तेवढी उरली, आणि ती राखत परमेश्वरची आई दगडाबाई त्याच घरात म्हातारी झाली. चाकणला चल म्हटलं तर म्हणायची, “दुसऱ्या माळ्यावर ऱ्हाता म्हनं तुमी. माझी मेंढरं काय लिफ्टनं चढवू?” ती इथंच राहायची, असं ठरून गेलं होतं.

गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं काय दिवे लावले होते म्हणता? काटा लाल झाला तरी बाबा दिसेल त्या हापशावर थांबून पाणी ओतत होता आणि गाडी दामटत होता. परमेश्वरनं गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाणी कुठलं, चहाच्या रंगाचं लोणी भरलेलं. इंजिनाचं तेल गार करणारा ऑइल कूलर आतून फुटला होता आणि ते तेल सगळ्या पाण्याच्या वाटांमध्ये शिरून बसलं होतं.

संध्याकाळी अर्जुनराव स्वतः आले, खुर्चीवर टेकले. “परमेश्वर, तुझ्याबिगर मी गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत न्हाई,” ते म्हणाले. “तेवढी आपली गाडी मार्गी लाव बाबा, मग जा तू खुशाल. दगडाबाईची काळजी करू नको. ऱ्हाईल की ती हाय तिथं.”

बोलणं कसं लोण्यासारखं. पण परमेश्वर काय दुधखुळा नव्हता. गाडी तशीच टाकून गेलास तर म्हातारी हाय तिथं राहील का, हे त्यात न बोलता बोलून झालं होतं. त्यानं पाना हातात घेतला.

नवा कूलर बसला. तो काही मोठा उद्योग नव्हता. खरा जीव खाणारा उद्योग धुण्याचा. सोडा आणि धुण्याची पावडर कालवून पाणी भरायचं, इंजिन तापवायचं, रेडिएटरचे वरचा-खालचा दोन्ही पाइप हाताला चटका देईपर्यंत चालवायचं, निवू द्यायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. चिकटलेलं तेल म्हणजे ओशाळलेला पाहुणा नव्हे, की पाणी दिलं आणि निघाला. आणि पाणी तरी कुठून आणायचं चौसाळ्यात? परमेश्वर दोन कॅन मोटरसायकलला अडकवून पलीकडच्या धाब्याच्या बोअरवर जायचा, धाबेवाल्याची कुरकुर ऐकायचा, परत यायचा.

दगडाबाई रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभी राहून तिनं एकदा विचारलं, “पान्यात तेल गेलं म्हंजी काय रं व्हतंय?”

“गाडी तापती, माय. आतलं सगळं खराब व्हतंय.” ह्यानं घास चावता चावता टाकीकडं बोट केलं. “ती पांढरी टाकी हाय न्हवं, तिच्यात पानी दिसतंय. त्याच्यावर तेलाचा थेंब जरी दिसला, तरी गाडी द्यायाची न्हाई.”

“आन् गाडी दिली न्हाई तर तुला बी जाता यायचं न्हाई.”

“मग काय तर.”

म्हातारी भांडी आवरून घरी गेली.

शुक्रवारी दुपारी पाणी निवळ झालं. परमेश्वरनं टाकीचं झाकण काढून उन्हात निरखून बघितलं. तळ दिसत होता. त्याचा एक नेम होता, निवळ झालं तरी लगेच कूलंट भरायचं नाही, साधं पाणी तसंच ठेवायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायचं. गाडीच्या बाबतीत तो कुणाशी खोटं बोलला नव्हता, अर्जुनरावांशी नाही आणि रस्त्यावरच्या अनोळखी ट्रकवाल्याशीही नाही. आई भाकरी घेऊन आलीच होती. तिला म्हणाला, “बस जरा, पानी घिऊन आलो.” आणि गेला.

परत आला तर टाकीत तेल तरंगत होतं.

पाइपात राहिलं असेल, असं मनाला सांगत त्यानं लगेच इंजिन चालू केलं, पाणी फिरवलं, सोडलं, पुन्हा पावडर घातली. पण मनात दुसरीच भीती घर करून बसली होती. इंजिनाचं हेडच तडकलं असेल तर? मग इंजिन उघडायचं, हेड बीडला न्यायचं. सोमवार गेला. चाकण गेलं. त्या दिवशी पिठलं नुसतं कोरडं होतं, घशाखाली उतरेना, तर तो आईवरच करवादला, “तेलाचा थेंब तरी दिसू दी की पिठल्यात.”

“संपत आलंय तेल,” दगडाबाई म्हणाली.

शनिवारी पुन्हा तेच. सकाळभर धुऊन पाणी निवळ झालं, आई आली, हा पाण्याला गेला, आई भाकरी झाकून ठेवून घराकडं वळली, आणि ह्यानं येऊन बघितलं तर पाण्यावर तेल. ह्या वेळी मात्र त्यानं इंजिन चालू केलं नाही. तसाच टाकीपाशी उभा राहिला. आणि म्हणूनच त्याच्या ध्यानात आलं. मधल्या वेळात गाडी चालूच झालेली नाही. बंद इंजिनातून तेल वर चढेल कसं? आणि इंजिनाचं तेल काळं असतं. हे तर पिवळं.

त्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं. करडईचं. घाण्यावरचं, घरचं.

असा संताप आला त्याला की हातातला पाना त्यानं बाभळीवर फेकून मारला. ज्या म्हातारीचं छप्पर राहावं म्हणून तो हात सोलून घेत होता, तीच पाठ फिरली की टाकीत तेल ओतत होती. रस्त्याच्या कडेला ती दिसत होती, ट्रक जाण्याची वाट बघत, डोक्यावर पाटी, पदर दातात धरलेला. हाक मारावी, चारचौघांत विचारावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. ट्रक गेला, ती रस्ता ओलांडून घराकडच्या पांदीला लागली, आणि त्यानं फेकलेला पाना उचलून आणला.

त्यानं पुन्हा गाडी धुतली.

रविवार उजाडला. संध्याकाळच्या एस्टीत बसलं तरच सोमवारी चाकण. दगडाबाई आली तेव्हा पाणी आरशासारखं होतं आणि परमेश्वर खाली पोत्यावर बसून होता. तिनं भाकरी पुढ्यात ठेवली. बघते तर कॅन भरलेले.

“पान्याला जात न्हाईस?”

“न्हाई. झालं पानी.” त्यानं पिठलं भाकरीनं चाचपलं. कोरडं ठणठणीत. “माय, तेल कावून न्हाई गं ह्यात?”

तिचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. तिथं औषधाची जुनी बाटली होती, हे आता त्याला न बघताही कळलं. ती म्हणाली, “लई न्हाई वतलं रं. पळीभरच. गाडीचं वाटुळं व्हऊ नये म्हनून थोडं थोडंच वतलं. आन् खायाचं तेल हाय, खराब करायचं न्हाई, असं वाटलं मला.”

“कावून पन?”

“आजच्या दिस तरी थांबशीला म्हनून.”

एवढ्यात फोन वाजला. शिवकन्या होती. “आहो, झाली का गाडी? निघताव ना?”

परमेश्वरनं टाकीकडं बघितलं. टाकीच्या तळावर उमटवलेला आकडासुद्धा वाचता येत होता. मग आईकडं बघितलं. तिनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं आणि ती त्याच्याकडं नाही, भाकरीकडं बघत होती.

“न्हाई,” तो म्हणाला. “तेल हाय अजून.”

“म्हंजी सोमवारी?”

“बघू.”

“बघू काय? करिष्मा सकाळपासून चपला घालून बसलीय, पप्पाला आनाया जायचं म्हनून. तिला काय सांगू मी?”

पलीकडून फोन कट झाला. दगडाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते समाधानाचं नव्हतं.

“खोटं कावून बोललास?” ती म्हणाली. “पानी तर निवळ हाय.”

परमेश्वर उठला. आता अर्जुनराव येतील, झाकण काढून बघतील, गाडी घेऊन जातील. मग शिवकन्येला काय सांगायचं आणि स्वतःला काय सांगायचं? गाडी दिली तर जावं लागणार. नाही द्यायची तर ती खरोखर नादुरुस्त पाहिजे. त्यानं आईसमोर हात पसरला. तिला आधी कळेना, मग कळलं, आणि तिनं पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरली.

“नको रं परमेश्वरा.”

त्यानं हळूच तिची बोटं सोडवली, बाटली काढून घेतली, टाकीचं झाकण फिरवलं आणि उरलेलं तेल पाण्यात ओतलं. पिवळा गोल पाण्यावर पसरत गेला. दगडाबाई बघत राहिली. मग त्यानं भरलेले कॅन बाभळीच्या बुडाशी रिकामे केले, मोटरसायकलला अडकवले आणि तो पाणी आणायला गेला.