अण्णाचं पाचवं उत्तर

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीचं पत्र आलं. तिनं तिकडच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय घेतला आहे आणि "आजी, हा काय असतो ते तुला कसं समजावून सांगू?" असं विचारलं आहे. समजावून सांगायची गरज नाही, बाळ. त्या विषयाचं एक जाड इंग्रजी पुस्तक मी पंधराव्या वर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. ते का वाचलं आणि पुढे जन्मभर त्याचं नाव का काढलं नाही, ते आता क्रमानं लिहिते. मला सगळं क्रमानं लागतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आमचं घर म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यात होतं. आमचे पूर्वज घोड्यावरचे शिपाई म्हणून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगलं की दोन्ही. माझे वडील, म्हणजे अप्पा, राजवाड्याच्या पागेत जमादार होते. महाराजांना एकवीस तोफांची सलामी मिळते, ही गोष्ट ते एखाद्या घरच्या दागिन्यासारखी सांगत. तोफा सुटायला लागल्या की हातातलं काम टाकून मोजत उभे राहत. जणू एखाद्या वेळी वीसच सुटतील.

अण्णा माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला तो पहिलाच. त्यानं बी.ए.ला इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलं होतं आणि त्यात एक पेपर राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्याचा होता. शेवटचं वर्ष सुरू झालं आणि त्याची नजर जायला लागली. आधी फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तकातलं. दिवाळीपर्यंत त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी शिरा वाळल्या म्हणून सांगितलं आणि आईला बाहेर बोलावून घेऊन म्हणाले, आता औषधाला पैसे घालवू नका.

त्याच्या प्राध्यापकांचा त्याच्यावर जीव होता. त्यांनी घरी निरोप पाठवला: मुलगा वरच्या वर्गात, म्हणजे चांगल्या गुणांनी, पास झाला, तर कॉलेजात ट्यूटर म्हणून ठेवून घेता येईल. बोलून शिकवायला डोळे लागत नाहीत. नाही पास झाला, तर मात्र काही करता येणार नाही. म्हणजे एक परीक्षा, आणि तिच्या पलीकडे एकतर नोकरी, नाहीतर पडवीतला कोपरा. हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते अप्पांनी परीक्षेपर्यंत थांबवलं आणि अण्णाला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मी वाचायची, तो भिंतीला टेकून ऐकायचा आणि आई पलीकडून डोसे घालता घालता कान द्यायची.

"आज काय चाललंय?" आई विचारायची.

"समुद्रात जहाजं धरली तर माल कुणाचा, ते."

"अय्यो, म्हैसूरला समुद्र कुठं आहे रे?"

"कावेरी आहे की," अण्णा म्हणायचा. "उद्या हरिगोल पकडलं तर?" हरिगोल म्हणजे आमच्याकडची टोपलीसारखी गोल नाव.

"हरिगोल पकडायचं तर पकड, पण येताना मासे घेऊन ये."

असे ते दिवस होते. तो आंधळा झाला होता आणि तरी आम्ही हसत होतो, हे आज लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही.

पुस्तकात राजदूतांवर एक प्रकरण होतं. राजदूतानं धन्यानं सांगितलं तेवढंच बोलायचं. त्यानं आपल्या मनाचं घालून करार केला, तर धनी तो करार नाकारू शकतो. ते ऐकून अण्णा म्हणाला, "पुट्टी, परीक्षेत तू माझी राजदूत. मी सांगेन ते लिहायचं. आपली अक्कल पाजळायची नाही."

"आणि तू चुकलास तर?"

"तर माझं चुकलेलं लिहायचं."

पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये धाकुटी. मला घरात तेच म्हणत.

आणखी थोड्या दिवसांनी आम्ही त्या तळटिपेपाशी आलो. राज्य कशाला म्हणावं, हे वर मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली अगदी बारीक टायपात, हिंदुस्थानातली संस्थानं या कायद्याच्या हिशेबी राज्यं नव्हेत, असं दिलं होतं. बाहेरच्या कुणाशी त्यांना स्वतःच्या नावानं बोलता येत नाही, म्हणून त्यांना जगात वेगळं अस्तित्व नाही. मी वाचलं. अण्णा म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग म्हणाला, "पुढे चल."

नेमक्या त्याच संध्याकाळी अप्पा त्याच्याजवळ येऊन बसले. "एवढं जाड पुस्तक आहे. त्यात आपल्या म्हैसूरबद्दल काय लिहिलंय रे?"

अण्णा म्हणाला, "अजून तिथवर आलो नाही, अप्पा."

"आल्यावर सांग. पागेतल्या लोकांना सांगायचं आहे."

परीक्षेत अण्णाला लेखनिक घ्यायची परवानगी मिळाली. अट एकच होती, लेखनिक तो विषय शिकलेला नसावा. मी कुठल्याच वर्गात तो शिकले नव्हते, त्यामुळे माझं नाव मंजूर झालं. घरी पुस्तक कोण वाचतं, हे कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आम्हाला वेगळी खोली दिली, आणि देखरेखीला इंग्रजी न येणारे एक वृद्ध संस्कृत पंडित. ते खिडकीशी बसून जप करत होते.

पेपर पाच प्रश्नांचा होता. त्या दिवशी सकाळपासून अण्णाचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या प्रश्नात त्यानं दोन खटल्यांची अदलाबदल केली, मग स्वतःच थांबून "खोड ते" म्हणाला आणि सुधारलं. पण माझ्या मनात भीती शिरली. याची आठवण डळमळते आहे, असं मला वाटलं. पुढची दोन उत्तरं नीट झाली. मग मी पाचवा प्रश्न वाचला. हिंदी संस्थानं या कायद्यानुसार राज्यं ठरतात का, याची चर्चा करा, असा तो प्रश्न होता.

अण्णा सांगायला लागला. पहिलंच वाक्य होतं, "म्हैसूर हे राज्य आहे."

पुस्तकात काय आहे ते मला पाठ होतं, त्या बारीक टायपासकट. मला वाटलं, हा विसरला. डोकं दुखतंय, दमलाय, विसरला. नापास झाला तर पडवीतला कोपरा. तो संथपणे एकेक वाक्य सांगत गेला आणि मी त्याच्या वेगानं लिहीत गेले. लेखणीचा आवाज त्याला येत होता, म्हणून थांबता येत नव्हतं. मी लिहिलं ते पुस्तकातलं होतं. संस्थानं राज्यं नव्हेत, का नव्हेत, सगळं स्वच्छ अक्षरात.

शेवटी तो म्हणाला, "शेवटचं वाक्य वाच."

कागदावर नव्हतं ते मी वाचलं. त्यानं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं तोंडानं म्हणून दाखवलं. "साकु," तो म्हणाला. म्हणजे पुरे. त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं आणि मी ते थकव्यातून सुटल्याचं समाधान समजले.

घरी आल्यावर त्यानं चपला काढायच्या आधी हाक मारली. "अप्पा, आलो तिथवर. आपलं म्हैसूर राज्यच आहे म्हणून लिहून आलोय."

"पुस्तकात आहे तसं?"

"उत्तरात आहे."

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. पण मी स्वतःला समजावलं, बरं केलं मी, नाहीतर बिचारा नापासच झाला असता.

अण्णा वरच्या वर्गात पास झाला. अप्पांनी देवराज मोहल्ल्यातून पेढे आणले आणि गल्लीभर वाटत फिरले. "मुलगा पास झाला, ते एक असो," ते प्रत्येक दारात सांगत होते, "पण विद्यापीठानं आपलं राज्य मान्य केलं, बघा!" अण्णा दारात उभा राहून हे ऐकत होता आणि हसत होता. त्याला ट्यूटरची जागा मिळाली. रोज सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून तो कॉलेजात जायचा, वर्ग संपले की मी आणायला जायची. मुलांना तो आवडायचा. वाटेत तो मला त्या दिवशीचा धडा सांगायचा. त्याच्या आयुष्यातले तेवढेच चार महिने सुखाचे गेले.

एके दिवशी मद्रासहून एक प्राध्यापक आले होते. कॉलेजच्या पायऱ्यांवर आमची गाठ पडली आणि कुणीतरी ओळख करून दिली. ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचा पेपर मी तपासला होता. संस्थानांवरचं उत्तर माझ्या लक्षात राहिलंय. म्हैसूरचा माणूस इतकं कोरडं, भावना न आणता लिहील, असं वाटलं नव्हतं. संस्थानं राज्यं नव्हेत, हे फार स्वच्छ मांडलंत."

माझ्या खांद्यावरचा अण्णाचा हात जड झाला. तो म्हणाला, "आभारी आहे, सर."

आम्ही कुक्करहळ्ळी तळ्यापर्यंत आलो. तिथे त्यानं मला थांबवलं. "तू काय लिहिलंस?"

मी सांगितलं. तू विसरलास असं वाटलं, हेही सांगितलं. मी रडत होते.

"विसरलो? ती टीप मी तीनदा वाचून घेतली होती, पुट्टी. तुला पाठ व्हायच्या आधी मला ती पाठ झाली." मग हळू आवाजात म्हणाला, "पाच प्रश्न होते. चार बरोबर आले की पुरे होतं. मी हिशेब करूनच सांगायला लागलो होतो. पाचवा माझा होता."

"अण्णा, मला..."

"राजदूतानं आपल्या मनाचं घातलं तर धनी काय करतो?"

मला उत्तर येत होतं.

त्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढला. तिथून घर फार लांब नव्हतं. तो कुंपणाला, भिंतींना हात लावत पुढे चालला आणि मी मागून. एका जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्याला तो धडकता धडकता राहिला, तेव्हाही मी हाक मारायला धजले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्यूटरची जागा सोडली. अप्पांनी हात जोडून विचारलं, "कुणी काही बोललं का रे तुला?" तो म्हणाला, "नाही अप्पा. बोलून बोलून घसा बसतो." माझं नाव त्यानं कुणापाशी घेतलं नाही. घेतलं असतं तर अप्पांना तेही कळलं असतं, की विद्यापीठानं काही मान्य केलं नव्हतं. अप्पा शेवटपर्यंत ते सांगत राहिले आणि आम्ही दोघं शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

अण्णानं काठी घेतली. पडवीत बसून मोहल्ल्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागला. ते जाड पुस्तक फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर गेलं. माझं लग्न झालं, मी धारवाडला आले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा धीर करून म्हटलं, "अण्णा, काही वाचून दाखवू?"

"नको. तू दमली असशील," तो म्हणाला. परक्या बाईशी बोलावं तितक्या आदरानं. त्यापेक्षा तो ओरडला असता तर मी जन्मभर सुखानं जगले असते.

पुढे चार वर्षांनी तो तापानं गेला. तार आली तेव्हा सारं होऊन गेलं होतं.

आता ते संस्थान नाही आणि त्या तळटिपेची कुणाला गरजही नाही. पण थोरले, तू हा विषय घेतला आहेस, म्हणून त्याचं उत्तर तुझ्याकडे पाठवते. ते त्यानं इंग्रजीत सांगितलं होतं, मराठी मी केलं आहे. त्यात एक विचार वाढवला नाही, एक कमी केला नाही. पुस्तकाच्या दृष्टीनं ते बरोबर की चूक, ते मला विचारू नकोस.

"म्हैसूर हे राज्य आहे. त्याला भूमी आहे, प्रजा आहे आणि प्रजा मानते असं सरकार आहे. बाहेरच्यांशी बोलण्याचं काम त्यानं दुसऱ्यावर सोपवलं आहे, म्हणून ते राज्य नव्हे, असं म्हणतात. पण ते काम एका तहानं सोपवलं आहे आणि तहाला दोन पक्ष लागतात. सही करताना आम्ही कुणीच नव्हतो, तर तो तहही नाही आणि तो आम्हाला बांधत नाही. तो बांधत असेल, तर त्या दिवशी आम्ही कुणीतरी होतो. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा माणूस आपण कुठे चाललो आहोत हे ठरवू शकतो. त्याला फक्त रस्ता दिसत नाही."