सहा वर्षं बरोबर आलेलं उत्तर

खून, दरोडे, मारामाऱ्यांच्या हकिकती लोक माझ्याकडून आवडीनं ऐकतात. पण नोकरीतलं काही सांगा म्हटलं, की मला स्वतःला आजही आधी आठवते ती एका शिफारसपत्राची चौकशी. तिच्यात ना शस्त्र होतं, ना फरारी आरोपी. तरीही ती मला पुरून उरली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते आणि बघावं त्या घरातलं कोणीतरी अमेरिकेला निघालेलं असायचं. मी तेव्हा कर्वेनगर भागात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच जवळच्या एका कॉलेजचे प्राचार्य आणि त्यांचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ठाण्यात आले. हवालदारानं चहा मागवला, तर प्राचार्य म्हणाले, "चहा प्यायला नाही आलो आम्ही. फसवणुकीची तक्रार द्यायची आहे." चहा आल्यावर मात्र दोघांनीही घेतला.

तक्रार अशी होती. बारावीतल्या एका मुलीला अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, आणि तिच्या शिकण्या-राहण्याचा सगळा भार विद्यापीठच उचलणार होतं. अर्जासोबत या प्राध्यापकांचं शिफारसपत्र होतं. ते निवड समितीला इतकं आवडलं, की त्यांनी फॅक्स करून प्राध्यापकांचे आभार मानले आणि पत्राची प्रतही सोबत पाठवली. त्यात म्हटलं होतं, की प्रयोगशाळेतल्या एका मीटरचा काटा मुळातच दोन घरं पुढे होता. तरीही सहा वर्षं त्या मीटरवर प्रत्येक विद्यार्थ्याचं उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर येत गेलं. या मुलीचं मात्र चुकलं, आणि तिनं ते चुकलेलंच वहीत लिहिलं.

"म्हणजे सहा वर्षं मुलं नकला करत होती आणि मी डोळे मिटून वह्या तपासत होतो, असं मी स्वतः अमेरिकेला कळवीन का?" प्राध्यापक म्हणाले. "हे मी लिहिलेलं नाही. सही बनावट आहे."

पत्राबाबत चौकशी चालू असल्याचं प्राचार्यांनी विद्यापीठाला कळवूनही टाकलं होतं. तिकडून उत्तर आलं होतं, की दहा दिवसांत खुलासा करा, नाहीतर प्रवेश रद्द करावा लागेल.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि अर्ज चौकशीवर ठेवला. लगेच गुन्हा दाखल केला नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे बनावट दस्तऐवजाचं कलम एकदा लागलं, की पुढे ती निर्दोष सुटली तरी पासपोर्टपासून नोकरीपर्यंत खुलासे देत बसते.

मुलगी येरवड्याहून दोन बस बदलून कॉलेजला यायची. साध्या कपड्यांत, महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्याशेजारी पुस्तकं. वडील कारखान्यात फिटर होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले.

या जागेचं एवढं काय अप्रूप, हे मी तिला आधी विचारलं. तिनं शांतपणे समजावून सांगितलं. परदेशी मुलांना पूर्ण मदतीसह घेणारी विद्यापीठं मुळात थोडी. त्यांतही बहुतेक ठिकाणी मदत हवी असं लिहिलं, की अर्ज मागे पडतो. मदत मागितल्याचं मनात न धरणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिथे सगळ्या जगातली हुशार मुलं रांगेत उभी.

"मार्क सगळ्यांनाच असतात, सर," ती म्हणाली. "ही मुलगी आहे कशी, ते त्यांना हवं असतं. ते शिक्षकांनी सांगायचं."

"मग शिक्षकांनी सांगितलं?"

"सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. ते सगळ्यांनाच तसं सांगतात."

हे मला नवीन नव्हतं. अर्ध्या पुण्याची शिफारसपत्रं तेव्हा अशीच निघायची.

"म्हणजे हे तू लिहिलंस?"

"हो."

"एकटीनं?"

"हो."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना उत्तर आखूड करतो. मी फॅक्सची प्रत तिच्यापुढे धरली. "तुला कॉलेजात येऊन दोन वर्षंही झाली नाहीत. त्याआधी कोणाचं उत्तर काय यायचं, हे तुला कोणी सांगितलं?"

ती वडिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ज्यांनी सांगितलं त्यांची नोकरी जाईल, सर."

मला एवढं पुरेसं होतं. त्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं रोज हजर असणारा माणूस एकच, तिथला परिचर.

ते पन्नाशीचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी वाघोलीहून ठाण्यात आले. बसा म्हटलं तरी बाकाच्या कडेला टेकले.

"सायेब, पोरीची काय बी चूक न्हाई," ते म्हणाले. "सरांनी लिवून आण म्हनल्यावर दोन दिस कोरा कागद घेऊन बसली व्हती. सोताची स्तुती कशी लिवायची म्हनं. मी म्हनलं, मी सांगतो, तू इंग्रजी कर. लई हुशार हाय असं लिव म्हनलं, तर ऐकंना. म्हनली, मामा, डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगा."

"काय बघितलंत?"

"सगळी पोरं घरी गेली, हिचं उत्तर जुळंना. पाच डाव केलं. मग म्हनली, मामा, मीटरचा काटाच पुढं हाय. तशी चिठ्ठी लिवून मीटरला चिकटवली, मागून येनाऱ्या पोरांसाठी. मला तर पयल्यापासनं ठावं व्हतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"मला कोन इचारतंय, सायेब?"

राहिली सही. हस्ताक्षर तज्ज्ञांकडे कागद पाठवला असता तर अहवाल यायला महिने लागले असते, आणि माझ्या हातात सहा दिवस होते. मी प्राध्यापकांना नमुना सह्यांसाठी बोलावलं आणि दहा कागद पुढे ठेवले. प्रत्येकावर दोन-तीन ओळी टाइप केलेल्या होत्या. स्कूटर लावायला जागा कशी मिळत नाही, हे मला सांगत सांगत त्यांनी भराभर सह्या केल्या. मी त्यातला सातवा कागद काढून त्यांच्यापुढे फिरवला. "सर, एवढा जरा वाचा."

त्यावर लिहिलं होतं, 'माझ्यापुढे येणाऱ्या कागदांवर मी न वाचता सही करतो.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बरं नाही केलंत," असं म्हणाले. मग त्यांनी ते शिफारसपत्र मागून घेतलं आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. "हे मी लिहायला हवं होतं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि तिचे वडील, प्राचार्य आणि प्राध्यापक, सगळ्यांना कॉलेजातच एकत्र बसवलं. प्राध्यापकांनी स्वतःहून सांगितलं, "सही माझीच आहे. पत्रही मीच लिहिलं असं कळवतो. विषय संपला." प्राचार्यांना हायसं वाटलं, आणि खरं सांगतो, मलाही.

मुलगी म्हणाली, "पण सर, ते तुम्ही लिहिलेलं नाही."

मला तिचा राग आला. "अगं, खरं कळवलं तर जागा जाईल. कळतंय का तुला?" मी म्हणालो.

"कळतंय. साहेब, तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले. तेव्हापासून मला झोप नाही. परत नको."

मी वडिलांकडे पाहिलं. "ती म्हणतेय तसं करा, साहेब," ते म्हणाले.

मला नीट येणारं काम एकच, जबाब लिहून घेणं. मी परिचरांचा जबाब घेतला आणि रीतसर वाचून दाखवला. मी 'तीन वेळा' लिहिलं होतं, त्यांनी थांबवून 'पाच' करायला लावलं. प्राध्यापकांनी त्याचं इंग्रजी स्वतःच्या अक्षरात केलं आणि खाली लिहिलं, की शिफारसपत्रावर मी न वाचता सही केली होती, आता वाचलं आहे, मीटरही तपासला, काटा दोन घरं पुढे आहे. ठाण्यासमोरच्या फोन बूथवरून आम्ही ते फॅक्स केलं. पुढचे पाच दिवस मी काही ना काही निमित्त काढून कॉलेजवरून गाडी नेत होतो.

सहाव्या दिवशी उत्तर आलं, की प्रवेश कायम, मदतही कायम. मी भर ठाण्यात हवालदाराच्या पाठीवर थाप मारली. पुढे टपालानं एक जाड लिफाफा आला, तो परिचरांच्या नावानं होता. प्राचार्यांनी तो स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिला आणि प्राध्यापकांनी आतलं पत्र मराठीत सांगितलं. इतकं नेमकं शिफारसपत्र आम्हाला क्वचित मिळतं, असं समितीनं लिहिलं होतं. परिचरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग आता मीटर बदलायचा का?"

प्राध्यापकांना खिंडीत पकडल्याचं मला बरेच दिवस कौतुक वाटत होतं. मग हळूहळू माझे पंच डोळ्यांपुढे यायला लागले. पंचनामा म्हणजे घटनास्थळी काय दिसलं याची नोंद, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मी तो ठाण्यात बसून लिहायचो आणि नाक्यावरच्या पानवाल्याला बोलावून सही घ्यायचो. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी वाचून दाखवला नाही. काय दिसलं हे ज्याला माहीत असतं त्याला आपण विचारत नाही, आणि ज्याची सही चालते त्याला काही माहीत नसतं. हे मी त्या मुलीकडून शिकलो, तेही पंधरा वर्षं नोकरी झाल्यावर.

ती अमेरिकेला गेली त्याच महिन्यात एक घरफोडी झाली. हवालदाराकडून पानवाल्याला घटनास्थळ दाखवून आणलं, नेहमीसारखा ठाण्यात बसून पंचनामा लिहिला आणि पहिल्यांदाच त्याला सगळा वाचून दाखवला. त्यानं मान खाली घालून ऐकला. मग अडखळत म्हणाला, "साहेब, कडी तुटलेली नव्हती. दार नुसतंच लोटलेलं होतं."

हवालदार त्याला म्हणाला, "अरे, सही कर ना गुपचूप."

मी लिहिलेला कागद बाजूला ठेवला, टोपी घातली आणि पानवाल्याला म्हणालो, "चल, मला दाखव."