रेघेपेक्षा आकडा बरा

दुरुस्तीच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जळलेले फ्यूज आणि वायरींचे तुकडे टेबलाच्या कडेला साचतात, तसेच तेही साचतात. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "तुझ्या अण्णांचं काहीतरी सांग ना!" मी सांगते, त्या हसतात. पण एका डब्याचे किस्से मी ओळीने कधी कुणाला सांगितलेले नाहीत.

अण्णा म्हणजे मंचरच्या आमच्या वर्कशॉपचे मालक. वय पासष्ट, सगळं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलेलं. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. प्रोग्राम मी लिहायचा, शहाणपण त्यांनी सांगायचं, अशी वाटणी.

आणि डबा म्हणजे पावसाचा डबा. तळेघरच्या पुढे डोंगराच्या पायाशी सात घरांची एक वाडी आहे. घरांच्या वरच्या उताराला मोठी भेग पडली होती. शहरातल्या काही लोकांनी आमच्याकडून यंत्र करून घेतलं. उतारावर पाऊस मोजणारं भांडं, तिथून खाली आलेल्या वायरी आणि त्यांच्या टोकाला हा डबा. गेल्या तासाभरात किती मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा डब्यावर दिसायचा. आकडा चाळीसच्या वर गेला की भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी समोरच्या टेकाडावरच्या शाळेत पळायचं. एवढंच. पण त्या आकड्याच्या भरवशावर सात घरं राहणार होती.

*

भांडं आणि डबा एकमेकांशी तीन वायरींवरून बोलतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी दोघांची जमीन, म्हणजे ग्राउंड, एक ठेवणारी; ती नसली की बोलणं मधूनमधून तुटतं. याची बोलायची वायर त्याच्या ऐकायच्या वायरीला जोडायची असते. अण्णांनी लालला लाल आणि हिरवीला हिरवी जोडली. दोघेही बोलतायत, ऐकत कुणीच नाही!

मी म्हटलं, "अण्णा, उलट जोडा."

"चाळीस वर्षं लालला लाल जोडतोय मी. तुज्या कॉलेजात काय शिकवलं ते मला नको सांगू."

"चाळीस वर्षं तुम्ही बल्ब जोडलेत, अण्णा. बल्बला काही ऐकावं लागत नाही!"

ते चहाला गेले. मी वायरी बदलल्या. परत आल्यावर डबा चालू दिसला, तर म्हणाले, "बघ, जरा गरम व्हायला टाइम लागतो."

*

वाडीत डबा बसवला त्या दिवशी सगळी वाडी जमली. बटण दाबलं, तर पडद्यावर चौकोन, फुल्या, उलटे-सुलटे आकडे. साधी गोष्ट होती. भांडं भरभर बोलत होतं आणि डबा सावकाश ऐकत होता. दोघांचा वेग सारखा करायचा, की झालं.

वाडीतले सगळ्यात थोरले धोंडूबाबा पुढे वाकून बघत म्हणाले, "ह्यो कुठल्या मुलखातनं आलाय म्हनायचा?"

अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नवीन हाय बाबा, लाजतंय!"

मी लॅपटॉप लावून पाच मिनिटांत वेग जुळवला. पडद्यावर शून्य आलं. अण्णांनी लगेच वाडीकडे वळून जाहीर केलं, "मोडली बघा लाज!"

टाळ्या त्यांनाच मिळाल्या.

*

डबा लागला धोंडूबाबांच्या ओसरीवर. वाडीत पहिला रेडिओ त्या ओसरीवर आला, पहिला टीव्ही तिथेच आला, मग डबा दुसरीकडे कुठे जाणार? त्याला माझी हरकत नव्हती. पण डब्यावर लक्ष ठेवायचं आणि "निघा" म्हणायचं कामही बाबांनाच दिलं. बाबांना आकडे जेमतेम वाचता येत होते. त्यांची सून हिराताई बारावी झालेली. मी म्हटलं, हे काम तिला द्या.

अण्णा माझ्यावरच डाफरले. "थोरलं मानूस बसलेलं असताना सुनंनं उठा म्हनायचं आन् वाडीनं उठायचं? काय रीत हाय का न्हाई?"

मी हिराताईला चुलीपाशी गाठलं. तिला सांगितलं, "आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या, तर वरून निरोप येत नाहीये असं समजायचं. यंत्र आंधळं झालंय. बाहेर पाऊस असेल, तर कुणाला विचारत बसू नका. निघा."

"रेघा आल्या तरी निघायचं," ती म्हणाली. "ध्यानात राहील, ताई."

*

आता येडगावचा किस्सा सांगावा लागेल, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. धरणाच्या काठावर तात्या नावाच्या आमच्या एका गिऱ्हाइकाची पाण्याची मोटर होती आणि पाण्याची खोली दाखवणारं आमचं यंत्र होतं. उंदरांनी वायर कुरतडली, पडद्यावर रेघा आल्या. तात्यांनी फोनवर शंख केला, "रेघा बघायला घेतलंय व्हय मशीन?"

अण्णांनी मला हुकूम सोडला, "बोलणं तुटलं तर शेवटचा आकडा धरून ठेव. गिऱ्हाइकाला आकडा दिसला पायजे. रेघेपेक्षा आकडा बरा."

मी भांडले. मग त्यांनी वर्कशॉपमध्ये पूर्वी कामाला असलेल्या मुलाकडून ते करून घेतलं. पंधरा दिवसांत पाणी खाली गेलं, यंत्र अकरा फुटांवर ठाम, मोटर कोरडी फिरून जळाली. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी फोन घेतला, तर तात्या म्हणतात, "मोटर गेली राव, पण तुमचं मशीन लई भारी! शेवटपर्यंत हाललं न्हाई!"

*

भाताच्या लावणीच्या दिवसांत वाडीवरून निरोप आला, की रेघा येतात, जातात, पुन्हा येतात. अण्णा आणि मी एसटीने तळेघरला गेलो, पुढे चालत. ओसरीवर पोचले आणि मला दिसलं, घराच्या पडवीवरची ताडपत्री आमच्या वायरीने आवळून बांधली होती! तिसरी वायर. शंभर फूट तरी असेल.

"बाबा, ही का काढली?"

"तीन व्हत्या की, पोरी. दोन ठेवल्यात!"

अण्णा खो खो हसले. "बराबर हाय. करंटला दोन पुरतात."

बाबा मात्र हसत नव्हते. "ह्या रेघा आल्या की ही हिरी सगळ्या बाया-पोरं घेऊन शाळंत पळती. दोन दिस लावणी बुडाली. वर काय बी झालं न्हाई. त्या रेघा काढ, न्हाईतर डबा उचल."

तेवढी वायर आमच्याजवळ नव्हती. अण्णा म्हणाले, "येडगावला केलं तसं कर. शेवटचा आकडा धर. पुढच्या आठवड्यात येऊन वायर टाकू." मी नाही म्हटलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. चारची गाडी चुकली, तर मग सकाळपर्यंत गाडी नव्हती.

दहा मिनिटं लागली. मी भांडत भांडत टाइप केलं, पण मीच केलं. आणि चूक एकही नव्हती, पहिल्या फटक्यात चाललं. हिराताई लावणीवर होती. तिला सांगायला थांबले नाही.

*

वायर दुसऱ्याच दिवशी आणली. वर्कशॉपच्या दारात वेटोळं पडून होतं. मी रोज विचारायचे, "अण्णा, कधी जायचं?"

"बाहेर बघ की, किती वततंय! पाऊस उघडला की जाऊ."

पाऊस मोजायच्या यंत्राची वायर, पाऊस उघडल्यावर!

मी तोंडाने आग ओकत होते. पण वेटोळं खांद्याला अडकवून एकटीच एसटीत बसले असते, तर मला कोण अडवणार होतं?

*

आणि एके दिवशी दुपारी दोनला हिराताईचा फोन आला. रेंजसाठी ती टेकाडावर चढून आली होती. आवाजापेक्षा पाऊसच जास्त ऐकू येत होता.

"ताई, लई वततंय. सकाळपासनं आकडा चारच हाय. रेघा बी न्हाईत."

"रेघा येणार नाहीत, हिराताई. मी काढल्यात."

"मंजी ह्यो चार खरा न्हाई?"

"नाही. निघा. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना काढा."

"बाया ऐकतील माझं. बाबा न्हाई ऐकायचे. मगापासनं म्हनत्यात, मशीन चार म्हनतंय आन् तू मशीनपेक्षा शानी का?"

"त्यांना माझं नाव सांगा. म्हणावं, जिने डबा केला तीच खोटा म्हणतेय."

"सांगते," म्हणाली आणि फोन कट झाला.

नंतर कळलं, तिने सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, "त्या पोरीला काय कळतंय? अण्णा सोता बघून गेलेत."

सगळी वाडी टेकाडावर गेली. बाबा डब्यापाशी बसून राहिले.

*

चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, तेव्हा अण्णा आणि मी गेलो. सात घरांच्या जागी दरडीची लाल माती होती. लख्ख ऊन पडलं होतं. बाबा आदल्या दिवशीच सापडले होते. डबा आमच्यासमोर निघाला. आतली बॅटरी चांगली होती, पडदा अजून चालू होता.

अण्णांनी तो मांडीवर घेतला आणि खिशातल्या रुमालाने पडदा पुसायला लागले. पुसत राहिले. पुसून स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. माझ्याकडे बघेनात.

हिराताई येऊन समोर उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायांना वाळलेला चिखल. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं विचारलं, "अण्णा, आत्ता किती पाऊस पडतोय?"

अण्णांनी खाली डब्याकडे बघितलं.

"चार," ते म्हणाले.