बटनापाशी दुसरा माणूस

फोन वाजला तेव्हा मी उसाच्या फडावर होतो. स्क्रीनवर ‘दिनकर धारूर’ असं आलं आणि मी फोन तसाच खिशात ठेवला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझ्याकडे नवं कारण नव्हतं. गुडघ्याचं सांगून झालं होतं, पुतणीच्या लग्नाचं सांगून झालं होतं, उसाला तोड आल्याचं तर दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडूनच उचलला. “अरे येतोय ना बे, रविवारी येतोय...” पलीकडे दिनकर नव्हता. सुमनवहिनी होत्या. “भाऊजी, हे गेले,” एवढंच बोलल्या. सकाळी चहा घेऊन पडवीत बसला आणि बसल्या जागी मान टाकली. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. आता सहा आठवडे होतील. पहिले दोन फोन मी उचलले नाहीत, हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

दिनकर साळवे आणि मी धारूरच्या शाळेत एका बाकावरचे. पुढं तो पोस्टात कारकून झाला आणि मी लाइनमन. तो शांत, पोस्टाच्या खिडकीत आयुष्य काढलेला; मी खांबावर चढून खालच्या माणसांवर ओरडणारा. त्याचा एकच नाद होता, गिटार. तरुणपणी तो एका गायनपार्टीत वाजवायचा. जयंतीचे दिवस आले की केज, नांदूरघाट, माजलगाव, गावोगाव त्यांचे कार्यक्रम. त्या पार्टीच्या मालकाकडे काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर होता. जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह, तापल्यावर आत लालसर उजेड दिसायचा. पार्टी मोडली, मालक तो घेऊन कुठं गेला कुणाला ठाऊक. पण दिनकरच्या कानातून तो आवाज गेला नाही. “आताच्या डब्यातून आवाज निघतो, पण त्याला ऊब न्हाई,” असं तो म्हणायचा. मी हसायचो. आवाजाला कसली ऊब, घोंगडी आहे का ती?

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यानं तसा अँप्लिफायर घरी बनवायचं सामान मागवलं. सगळे सुटे भाग एका खोक्यात आणि सोबत इंग्रजी पुस्तिका. पार्सल आलं त्या दिवशी मला बोलावलं. “जन्मभर लोकांची पार्सलं वाटली, हे माझं हाय,” म्हणत त्यानं खोकं असं हळू उघडलं की आत अंडी असावीत. त्यानं तोवर डाग देऊन वायरी जोडायची सोल्डरिंगची कावी हातात धरली नव्हती. मी म्हणालो, “कावून ह्या भानगडीत पडतोस बे? तयार मिळतंय की.” तो म्हणाला, “तयार घेतला तर मला काय कळणार त्यातलं?” मग बारीकसारीक भाग ठेवायला त्यानं वहिनींचा मसाल्याचा डबा पळवला. हळदीच्या वाटीत एका जातीचे, मोहरीच्या वाटीत दुसऱ्या जातीचे. वहिनी आठवडाभर जिरं पुडीतनं काढून फोडणी देत होत्या. महिनाभर तो नुसत्या वायरच्या तुकड्यांवर डाग द्यायला शिकला. बोटं भाजली, चष्म्याची काडी वितळली. पुढं एक भाग उलटा बसवला, तर पुस्तिका वाचून आपणच काढला आणि नीट लावला. मला व्हॉल्व्हमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वीज मला कळत होती. म्हणून मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि चुका काढायचो.

त्याच्याकडे एक साधा, छोटा अँप्लिफायर होता. त्याला गिटार जोडली की तारांना हात लागताच झिणझिण्या यायच्या. दिनकरला वाटायचं, असंच असतं. मी बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनेची वायर भिंतीत जाऊन संपलेली. घराला अर्थिंगच नव्हतं. मी लई बोललो त्याला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी परसात खड्डा खणला. धारूरची जमीन, दोन हातांवर खडक. पहार मारून मारून माझे दंड भरून आले. खाली तांब्याची पट्टी, तिच्यावर मीठ आणि कोळशाचे थर, वर जमिनीबाहेर निघालेली एक नळी. ती माती ओली राहिली तरच अर्थिंग काम करतं, म्हणून नळीतून रोज पाणी घालायचं. दिनकरनं ते असं मनावर घेतलं की बाहेरगावी जायचं असलं तरी आधी तांब्याभर पाणी नळीत. पाणी खाली उतरल्याचा आवाज येईपर्यंत तो तिथंच वाकून उभा राहायचा. वहिनी म्हणायच्या, “माझा कढीपत्ता वाळला, आन् ह्यांचा खड्डा रोज पाणी पितो.”

आणि मग तो दिवस. पुस्तिकेत लिहिलं होतं, आधी नुसता वीजपुरवठ्याचा भाग तपासून घ्या. मी यायच्या आधीच त्यानं तो तपासला. मीटरवर आकडा बरोबर आला, पठ्ठ्या खूश झाला, बटन बंद केलं, पिन काढली आणि हात आत घातला. पिन काढली तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. स्टुलासकट मागं फेकला गेला. मी दारात पोचलो तर वहिनी त्याचे तळवे चोळत होत्या आणि हा पांढराफटक पडून हसायचा प्रयत्न करत होता. माझं डोकं फिरलं. चालू नाही म्हणून हात घातला आणि गेला, असा एक सोबती मी माझ्या हातांनी खांबावरून उतरवलाय. वहिनींच्या समोर मी दिनकरला नको नको ते बोललो. मग दोन नियम घातले. एक, आत हात घालायचा तर डावा हात खिशात. म्हणजे वीज या हातातून त्या हातात छातीतून जायला नको. दुसरा, एकट्यानं चालू करायचं नाही. कुणीतरी बटनापाशी पाहिजे. “कुणीतरी न्हाई, मीच,” मी म्हणालो. “तू आल्याशिवाय बटन दाबणार न्हाई, म्हण.” त्यानं माझ्या हातावर हात ठेवून तसं म्हटलं.

पंधरा दिवसांत मी माजलगावला राहायला गेलो. कालव्याखाली थोडं रान आहे, तिथं घर बांधलं होतं. धारूर काही लांब नाही, एसटीनं तास-सव्वा तास. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, “जगन्नाथ, झालं बघ. शेवटचा डाग दिला. कधी येतोस?” मी म्हणालो, रविवारी. तो रविवार गेला. मग दुसरा. तो कधी रागावला नाही, हेच आता जास्त सलतं. “असू दे, सवडीनं ये,” म्हणायचा आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन करायचा. असे चार महिने. मला खरंच वेळ नव्हता असं नाही. दिनकर कुठं जाणार आहे, असं मला वाटत होतं, दुसरं काही नाही.

दिनकरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी माणसांच्या गर्दीत मागं बसून आलो. वहिनींशी बोलायचा धीर झाला नाही. मग आठ दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला, ते यंत्र बघून जा. गेलो. खोलीत खुर्ची, खुर्चीला टेकवलेली गिटार, समोर स्टुलावर तो अँप्लिफायर. वर वहिनींनी ओढणीनं झाकलेला. “रोज संध्याकाळी गिटार घेऊन ह्याच्यासमोर बसायचे,” त्या म्हणाल्या. “बंद असायचा तरी वायर लावूनच वाजवायचे. मी म्हणलं, मी थांबते की बटनापाशी, काय झालं तर बंद करीन. तर म्हणले, न्हाई. जगन्नाथाला शब्द दिलाय.”

त्याच्या जिवाची काळजी म्हणून मी तो शब्द घेतला होता. वीज त्याला पुन्हा शिवली नाही. आणि तो आवाज न ऐकताच माणूस गेला.

मी मागची पट्टी काढून आत बघितलं. एकेक डाग चकचकीत, एकेक वायर सरळ रांगेत. पोस्टातली वही लिहावी तसं काम. वहिनींना बोर्डापाशी उभं केलं. “मी म्हणलं की दाबा, आणि बोट काढू नका.” त्यांनी बटन दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग काचेत हळूहळू लालसर उजेड आला आणि अगदी बारीक, पंख्याची हवा लागावी एवढा आवाज. घुरघुर नाही, झिणझिण नाही. मला गिटार येत नाही. मी उजव्या हाताचा अंगठा तारांवरून एकदा ओढला. खोली भरली. तारा उतरल्या होत्या, सूर कशाचाच नव्हता, पण आवाज जाडसर आणि मऊ होता आणि लवकर गेला नाही. तेव्हा लक्षात आलं, माझा डावा हात खिशात होता.

“हाच का हो तो आवाज?” वहिनींनी विचारलं. बोट अजून बटनावर होतं.

मी हो म्हणालो. मला काय माहीत? तो आवाज ओळखणारा एकच माणूस होता.

बटन बंद केलं. आतली वीज उतरेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो. निघताना मी परसात गेलो. नळीचं तोंड ओलं होतं, म्हणजे वहिनी पाणी घालत होत्या. मी म्हणालो, “वहिनी, आता दर रविवारी येऊन हे चालू करून बघत जाईन. पुढच्या रविवारी...”

“रविवार सांगू नका, भाऊजी,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, साधं. “यायचं तवा या.”

त्यांनी रांजणातून तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी नळीत पाणी ओतलं आणि ते खाली उतरल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच वाकून थांबलो.