नळाला कान लावणाऱ्या काकू

आमच्या घरमालकीण काकूंचा माणसाच्या बोलण्यावर विश्वास नसे, पाइपवर असे. दुष्काळाची वर्षं, पैठणचं धरण तळाला गेलेलं आणि शहर मात्र बायपास ओलांडून पळत सुटलेलं. नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. चोरून मोटार लावून पाणी कोण ओढतंय, हे काकू पाइपला कान लावून ओळखायच्या. "माणूस खोटं बोलतो, लोखंड नाय," असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या गयाबाईंशी अबोला त्यावरूनच.

मी बिडकीनकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कंपनीत लागलो तेव्हा एकट्या पोराला खोली कुणी देईना. काकूंनी दिली, वर दम भरला, "मोटार लावलीस तर त्याच दिवशी गाठोडं उचलायचं."

एका दुपारी मी स्पीकरवर मित्रानं दिलेला हिप-हॉप अल्बम ऐकत होतो. गाणारा कुणी नाही. जाड ठोके, मधेच खरखर, कुठलातरी तुटका सूर. काकू धाडकन आत.

"मोटार लावलीस व्हय? माझा नळ तोडतील की रे!"

"काकू, गाणं आहे."

"शब्द कुठायत?"

"नसतात यात."

"मग काय लपवायलंय हे?"

मी स्पीकर बंद केला, घरघर थांबली. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. काकू पालथ्या बादलीवर बसल्या. "लाव पुन्हा. सगळं ऐकते. आतच कुठंतरी असंल." मधे ठोके एकदम थांबले, तशा त्या ताडकन उठल्या. "गप का झालं? कुणी सावध केलं याला?" ठोके परत आले, पुन्हा बसल्या. मग हळूच त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात खाली नळ येऊन गेला. गल्लीत कुणी काकूंना हाक मारली नाही. पाइपचं सगळं ऐकू येणाऱ्या बाईला कोण सांगणार? आम्ही पोचलो तेव्हा तोटी नुसती फुसफुसत होती. हौद कोरडा ठाक.

मेलो, म्हटलं. वर जाऊन अंथरूण गुंडाळायला लागलो. खिडकीतून बघतो तर काकू घागर घेऊन गयाबाईंच्या दारात!

"तुमचं भरलं नाय?" गयाबाई चाटच पडल्या.

"पोराकडं गाणं ऐकत बसले," काकू म्हणाल्या. माझ्यावर खापर नाही, काही नाही.

भरलेली घागर ठेवून त्या वर आल्या. "अंथरूण कशाला गुंडाळलंस, येड्या? राहिलेलं ऐकव. मोटार शेवटालाच लपवली असंल त्यांनी."

काकू देवाघरी जाईपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो. त्या अल्बमवरचा त्यांचा संशय काही फिटला नाही, आणि देवाशप्पथ, तो कधी फिटूच नये असं मला वाटायचं.